हातभर रेघ

जुना जालन्यातल्या आमच्या गल्लीतले आजी-माजी रहिवासी, नळाला नंबर लावून कुजबुजणारी मंडळी आणि कोपऱ्यावरचा पानवाला या सर्वांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सर दारू पीत नव्हते. बिअरच्या ज्या बाटल्या त्यांनी बसस्टँडकडच्या एका बारच्या मागच्या दाराने पोत्यात भरल्या, सायकलच्या कॅरिअरला बांधल्या आणि भर दुपारी खळखळ वाजवत गल्लीतून आणल्या, त्या रिकाम्या होत्या. त्यांत मिठाचं पाणी भरायचं होतं. हा खुलासा करायला फार उशीर झाला, हे मान्य. पण सर होते तोवर तो करायची सोय नव्हती. त्यांनीच मला गप्प केलं होतं.

"राहू दे," ते म्हणायचे. "लोकांना वाटू दे बेवडा. बेवड्याच्या शेडात कोनी डोकावत न्हाई. इथं विजेचे प्रयोग चालतात म्हनलं, तर अख्खी गल्ली बोट घालायला यील."

विजेपासून लोकांना वाचवायचे अनेक उपाय सरांकडे होते. त्यातला पहिला म्हणजे स्वतःची अब्रू.

सर माझे घरमालक. चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. मुलगी परभणीला दिलेली, घरात ते आणि मावशी, म्हणजे त्यांची बायको. मी अंकुशनगरचा, कारखान्याच्या वसाहतीत वाढलेला. जालन्यात एका बियाणे कंपनीत नोकरी लागली म्हणून खोली शोधत त्यांच्या दारात उभा राहिलो. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात इस्त्री. सरांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. इस्त्रीकडे बोट दाखवून विचारलं, "पिन तीन पायाची का दोन?"

"दोन," मी म्हणालो.

"मंग ती बाहेर. तू आत ये."

आतून मावशींचा आवाज आला, "अवो मास्तर, मानूस पाहा आधी, पिन काय पाहू राह्यले!"

"मानूस दिसतोच हाय," सर म्हणाले, "तिसरा पाय दिसत न्हाई."

तो तिसरा पाय म्हणजे अर्थिंग, जमिनीशी नातं, आणि सरांच्या जगात ज्या वस्तूचं जमिनीशी नातं नाही तिला घरात जागा नव्हती. मी दुसऱ्याच दिवशी इस्त्रीची वायर बदलून आणली. मगच माझा सामान लावायचा कार्यक्रम झाला.

त्यांचा डावा हात कायम खिशात असे. हा त्यांचा दुसरा उपाय. विजेच्या कामात दोन्ही हात पुढे केले की करंट एका हातातून शिरून छातीवरून दुसऱ्या हातातून निघतो, म्हणून एक हात खिशात कोंडून ठेवायचा. हे शेडपुरतं ठीक होतं. पण सरांचा हात शेडबाहेरही सुटेना. लग्नात आहेर द्यायचा तो उजव्या हाताने. कोणी जयभीम घातला तर उत्तरादाखल एकच हात कपाळाशी जायचा, दुसरा खिशात नजरकैदेत. शिंप्याकडे ते पँटला एकच खिसा शिवायला सांगत, डावा. उजवा ठेवलाच तर चुकून भलता हात आत जाईल आणि भलता बाहेर राहील, अशी त्यांना धास्ती. नात्यातल्या प्रत्येक लग्नाच्या ग्रुप फोटोत ते खिशात हात घालून असे उभे असायचे, की नवरदेवापेक्षा तेच ऐटदार वाटत. त्यावरून मावशी त्यांना "हिरो" म्हणायच्या. प्रेमाने नव्हे.

आता ते परसातलं शेड. पत्र्याच्या त्या शेडात मधोमध पीव्हीसीचा पाइप उभा होता. त्यावर केसाएवढी बारीक तांब्याची तार, वेढ्याला वेढा चिकटवून, खालपासून वरपर्यंत गुंडाळलेली. डोक्यावर मावशींच्या दोन पराती एकमेकींवर पालथ्या. पायथ्याशी टबात त्या सुप्रसिद्ध बाटल्या. मिठाच्या पाण्याने भरलेली काचेची बाटली मिठाच्याच पाण्यात उभी केली की ती वीज साठवते, हे मला तिथे कळलं. बाजूला एका बंद पडलेल्या टॉकीजच्या निऑन बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर, भंगारातून आणलेला. जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांपायी भंगाराचे डोंगर येतात. लोक तिथे लोखंड शोधतात. सर तिथे देवळात गेल्यासारखे चप्पल काढून जायचे, आणि पायाला काहीतरी लागून लंगडत परत यायचे.

बटन दाबलं की परातीच्या कडेवरून हवेत ठिणगी उडायची. निळसर-जांभळी, फांद्या फुटलेली, थयथयाट करणारी. कापडाच्या दुकानात मांजरपाटाचं थान फाडताना होतो तसा आवाज. आणि पाठोपाठ तो वास. तो वास मला आता फक्त झेरॉक्सच्या दुकानात येतो. दोन पानं काढायला गेलेला मी तिथे उगाच रेंगाळतो. "अजून काही?" असं पोरगं विचारतं, तेव्हा आधार कार्डाची आणखी एक प्रत मागतो. माझ्या घरात माझ्या आधार कार्डाच्या इतक्या प्रती आहेत की मी कोण आहे याबद्दल आता कोणालाही शंका उरू नये.

"आयुष्यभर पोरांना काय शिकवलं मी?" सर एकदा म्हणाले होते. "रेघ सरळ काढ. वाकडी आली की पट्टी. आता सांग, सरळ रेघ काढायला मानूस कशाला लागतो? पट्टी काढती की. ही रेघ पाह्य. एकदा काढली तशी कोनाच्या बापाला परत काढता येत न्हाई."

ती रेघ मात्र वीतभरच निघायची. सरांना हातभर पाहिजे होती, बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. त्यासाठी ते तार सोडवत, पुन्हा गुंडाळत, बाटल्या वाढवत, आणि गल्ली म्हणे, मास्तरांची वाढली.

प्रयोग संपला की वर्ग भरायचा. बटन बंद, मेन स्विच बंद, प्लग उपसून दोरीला टांगलेला. तरी बाटल्यांत वीज शिल्लक असू शकते. सर एक लांब काठी घेत, तिच्या टोकाला जमिनीशी जोडलेली तार, आणि एकेका बाटलीच्या डोक्यावर टेकवत जात. "एक नंबर." बाटलीत काही उरलं असेल तर टक् आवाज व्हायचा. "हजर. बस खाली." पुन्हा तिलाच टेकवायची. शांत. "गैरहजर. शाब्बास. दोन नंबर."

मी एकदा म्हणालो, "सर, बाटल्या सगळ्या तारेने जोडलेल्या आहेत ना? एकीला विचारलं की सगळ्यांचं कळलं."

"तार निसटलेली असली तं? मागच्या बाकावरचा पोरगा अन् कोपऱ्यातली बाटली, दोघांवर भरोसा ठेवायचा न्हाई." आणि मग उसासा टाकून, "नोकरीभर वाटलं, सगळे हजर पाह्यजे. आता सगळे गैरहजर असले म्हंजे वर्ग सुटला."

या वर्गात मावशींनी कधी पाऊल टाकलं नाही. सर दर खेपेला दारातून हाक मारायचे, "येती का? आज लई सुंदर निघू राह्यली." आतून उत्तर ठरलेलं: "मला न्हाई पाह्यचे तुमचे फटाके. भाकरी टाकू राह्यले मी." भाकरी टाकायची वेळ असो वा नसो.

त्यामागचं कारण मला उशिरा कळलं, आणि तेही सरांकडून नाही, शेजारच्या बाईंकडून. मावशींचा धाकटा भाऊ पत्र्याच्या कूलरला चिकटून गेला होता. उन्हाळा, ओली फरशी, कूलरमध्ये पाणी टाकायला हात लावला आणि संपलं. कूलरला अर्थिंग नव्हतं. तेव्हापासून त्या घरात दोन गोष्टी झाल्या. मावशी विजेकडे बघेनात, आणि सर विजेवरून नजर हटवेनात. एकाच दुःखाने दोन माणसं अशी विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेली, आणि मध्ये त्यांचा संसार, भांडत-चिडवत, उत्तम चाललेला.

म्हणूनच तो खड्डा. परसात लिंबाच्या झाडाखाली खड्डा होता, त्यात तांब्याचा रॉड, भोवती कोळसा आणि मीठ. शेडातली सगळी वीज शेवटी तिथे उतरायची. ती उतरायला माती ओली लागते. माती सुकली की वीज परत फिरते आणि घरच्या वायरिंगमध्ये शिरते, मग मावशींच्या फ्रिजपासून माझ्या चार्जरपर्यंत कुठे बाहेर पडेल सांगता येत नाही. म्हणून सर रोज त्या खड्ड्याला पाणी घालायचे. जालन्यात. जिथे नळ आला की लोक लग्नघर असल्यासारखे धावतात, तिथे हा माणूस भुईला बादलीभर पाणी पाजायचा.

"मानसाला प्यायला न्हाई," मावशी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या, "अन् हे दगडमातीला पाजू राह्यले! एवढं माझ्या कढीपत्त्याला घातलं असतं तर आंबे लागले असते त्याला."

पाणी कमी झालं की सर खड्ड्यावर पाट टाकून तिथेच आंघोळ करत, म्हणजे एका पाण्यात दोन कामं. मेन स्विच काढून, अर्थात. सकाळी सकाळी लिंबाखाली साबण लावून बसलेले सर आणि शेडाच्या दारावर लटकणारा उपसलेला प्लग, हे दृश्य पाहून दूधवाल्याने दूध दारात ठेवायचं सोडून कोपऱ्यावर ठेवायला सुरुवात केली.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, जेवढं गेलं ते परत येत नाही, राहिलं ते किती टिकेल सांगता येत नाही. बाजूचं दिसायचं बंद झालं होतं, फक्त समोरचं उरलं होतं. सरांनी घरी येऊन हे असं सांगितलं, की जणू दुसऱ्याच कोणाच्या डोळ्यांची गंमत आहे.

"दोन्ही बाजूंनी पडदा सरकू राह्यला. खेळ संपायच्या आत हातभर रेघ दिसली पाह्यजे. बस, मंग पडू दे पडदा."

त्या दिवशी मावशी खरोखरच भाकरी टाकत होत्या, आणि एक करपली.

सर कामाला लागले. नवी तार गुंडाळायची तर बोटांनी, कारण वेढा वेढ्यावर चढला की डोळ्यांना दिसेना. मी दुसऱ्या टोकाला रीळ धरून बसायचो. याच दिवसांत मावशींचा भाचेजावई टेंभुर्णीहून आला. मोबाइलवर त्याने व्हिडिओ दाखवला: लाकडाच्या फळीला मिठाचं पाणी लावून दोन तारा टेकवल्या की वीज जळत जळत लाकडात झाडाच्या मुळांसारखी नक्षी काढते. सरांनी मोबाइल नाकाशी धरून ते पुन्हा पुन्हा पाहिलं. त्यांची रेघ, पण विरून न जाणारी. भाचेजावयाने पिशवीतून बिघडलेल्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मरही काढला. "मामा, खास तुमच्यासाठी. डोळे गेले तरी बोट फिरवून पाह्यता यील."

सरांचा उजवा हात त्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत गेला आणि थांबला. मी त्यांच्याकडे बघत होतो. इतका मोह झालेला माणूस मी मिठाईच्या दुकानातही पाहिलेला नाही.

"निऑनवाला चावतो, पन चावायच्या आधी भुंकतो तरी," सर हळूच म्हणाले. "जास्त वढायला गेलं की त्याचं त्याला झेपत न्हाई. हा भुंकत न्हाई, जावई. हा मानसाला धरला की सोडत न्हाई. हे करून करून लई लोक मेले." त्यांनी पक्कड मागितली, ट्रान्सफॉर्मरच्या तारा मुळापासून कापल्या आणि तो शेडाच्या दाराला अडसर म्हणून लावला. नंतर कितीतरी वेळ ते शेडातल्या एका कोऱ्या फळीवर नुसतंच बोट फिरवत बसले होते.

सर आता नाहीत. मावशी परभणीला लेकीकडे असतात, फोनवर मला अजून "जेवला का" विचारतात. घर विकलं गेलं, लिंबाच्या जागी कोणाचं तरी गोडाऊन आहे. मी जिथे राहतो तिथे झटका बसायच्या आत वीज तोडणारं यंत्र आहे भिंतीत. त्यावरचं तपासणीचं बटन मी महिन्यातून एकदा दाबतो, घर काळोखात जातं, बायको स्वयंपाकघरातून ओरडते, आणि त्या क्षणभराच्या काळोखात डावा हात खिशात घालून मी उभा असतो. कोणाची आठवण कशी जपावी याचे काही नियम नसतात. पण सर जायच्या आधीचा तो एक उन्हाळा सांगायचा राहिला.

त्या उन्हाळ्यात सगळं तयार होतं. नवी तार, वाढवलेल्या बाटल्या, परातींना घासून लकाकी. नव्हतं ते पाणी. नळ येईना, टँकर यायचा तर त्याचं आधी भांडण यायचं. आंघोळी कापडाने पुसून व्हायच्या. खड्डा कोरडाठाक. सर रोज संध्याकाळी मातीत बोट घालून बघत आणि बोट पुसत आत जात. रोज त्यांची नजर थोडी आणखी अरुंद व्हायची. ताटातली भाजी दिसली की भाकरी दिसेना, इथवर आलं.

एका संध्याकाळी ते शेडात जाऊन बसले आणि मला म्हणाले, "दिवा लाव." खड्ड्याची परीक्षा घ्यायचा एक बल्ब होता. माती ओली असली की तो झगझगीत पेटायचा, कोरडी असली की मलूल. मी तो लावला.

"कसा हाय उजेड? मला फरक कळत न्हाई आता."

एक शब्द बोलायचा अवकाश होता. "बरोबर आहे" म्हणालो असतो तर त्यांनी बटन दाबलं असतं, आणि त्यांची रेघ त्यांना दिसली असती. माझ्या तोंडाशी आलंही होतं.

"पिवळा आहे, सर. मेलेला."

"मंग न्हाई."

"सर," मी म्हणालो, "एकदाच करू. क्षणभर. मी मेन स्विचपाशी उभा राहतो. एकदाच केल्याने काय होतंय?"

सर एवढ्या मोठ्याने कधी बोललेले मी ऐकले नव्हते. "एकदाच? माझा मेहुणाबी एकदाच हात लावायला गेल्ता!"

परसात भांड्याचा आवाज झाला. मावशी लिंबाखाली उभ्या होत्या. त्या घरात ते वाक्य कोणी कधी उच्चारलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून समजलं. त्या आत गेल्या. सरांनी मान खाली घातली. मी बल्ब काढून ठेवला.

मावशी बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कमरेवर घागर होती. घरातलं प्यायचं पाणी, टँकरखाली उभं राहून, धक्के खाऊन आणलेलं. त्यांनी ती खड्ड्यात रिकामी केली. मातीने ते असं प्यायलं की आवाज ऐकू आला.

"अगं, प्यायचं व्हतं ते!" सर म्हणाले.

"मला काय ठाऊक न्हाई?"

सरांनी खड्ड्यापाशी येऊन मातीत बोट घातलं. मग अगदी बारीक आवाजात, "मीठबी लागतं थोडं."

"आनते, मास्तर. अजून काय? फोडनी देऊ?"

मीठ आलं. पाणी मुरू दिलं. मी पुन्हा बल्ब लावला आणि या खेपेला तो असा पेटला की मी डोळे मिटले. "पांढरा, सर! पांढराशुभ्र!"

"जा आता तू आत," सर मावशींना म्हणाले. "भाकरी टाक."

"घागरभर पानी गेलं माझं. ते कुठं गेलं हे पाह्यल्याबिगर हालत न्हाई मी."

सरांनी खडू घेतला. शेडाच्या फरशीवर, यंत्रापासून बरीच दूर, एक रेघ ओढली. डोळे अर्धे गेलेले, तरी पट्टीशिवाय सरळ. तिच्या अलीकडे पाट टाकला. "हिच्या पुढं पदरबी जाता कामा नये." मावशी पाटावर बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन, पदर मुठीत घट्ट धरून. मी दारात मेन स्विचपाशी. सरांनी कानात कापूस घातला, मावशींना दिला, डावा हात खिशात टाकला आणि उजव्याने बटन दाबलं.

थान फाटल्यासारखा आवाज झाला, पण या वेळी सगळं दुकान फाटावं तसा. परातीच्या कडेवरून रेघ निघाली, वीत ओलांडून गेली, वळली, फांद्या फुटल्या, एक फांदी विझायच्या आत दुसरी, पत्र्यावर जांभळा उजेड नाचायला लागला. हातभर होती. हाताहूनही थोडी जास्तच. सरांना ती एका नजरेत मावत नव्हती. ते मुळापासून टोकापर्यंत मान फिरवत होते, पुन्हा मुळाशी येत होते, अक्षर ओळखायला शिकणाऱ्या लेकरासारखे. मग त्यांनी मान आणखी वळवली, रेघेवरून काढून मावशींकडे, आणि तिथेच ठेवली. उजेड मावशींच्या चेहऱ्यावर होता.

बटन सुटलं. शेडात अंधार आणि तो वास. कोणी हललं नाही. सरांचा डावा हात अजून खिशातच होता.

मावशींनी कानातला कापूस काढला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सरांवर खेकसल्या, "अवो, मंग हे आजवर मला काऊन न्हाई दाखवलं!"